पाच सर्व्हिसमधून काय कळतं?

आठवी-नववीच्या वर्गाची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिकल कशी होते, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शिकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पटांगणात नेट बांधलेलं असतं, पी.टी.चे सर वही घेऊन खांबाजवळ उभे असतात, हजेरीच्या क्रमाने एकेकाचं नाव येतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच सर्व्हिस येतात. जितक्या पलीकडे पडल्या तितके गुण. चाळीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलं उरकायची असली की यापेक्षा वेगळं काही जमवणं सोपं नाही. तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा. त्या वहीत लिहिला जाणारा आकडा नेमकं काय मोजतो? मुलाचं कौशल्य, त्या दिवसाचं नशीब, की पश्चिमेकडून सुटलेला वारा?

आधी नशिबाचा हिशेब मांडू. वर्गातल्या दोन मुली घ्या. पहिलीच्या दहांपैकी सात सर्व्हिस कोर्टात पडतात, दुसरीच्या पाच. हा फरक लहान नव्हे. सामना २३-२३ वर आलेला असताना यातली कोण सर्व्हिसला आहे, यावर संघाचा जीव टांगलेला असतो. आता दोघींना पाच-पाच सर्व्हिस द्या. संभाव्यतेचं शाळेतलंच गणित वापरलं, तर पहिलीला जास्त गुण मिळण्याची शक्यता निघते सुमारे ६४ टक्के. २० टक्के वेळा दोघींचे गुण सारखे येतात आणि १६ टक्के वेळा चक्क दुसरी पुढे जाते. म्हणजे साधारण सहांतून एकदा परीक्षा उलटा निकाल देते. यात कुणाचा पक्षपात नाही, कुणाची चूक नाही. पाच ही संख्याच इतकी तोकडी आहे की एवढा मोठा फरकही तिला धड दिसत नाही.

त्याच दोघींना वीस-वीस सर्व्हिस दिल्या, तर उलटा निकाल लागण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास उतरते. शून्यावर ती कधीच येत नाही. संख्याशास्त्राचा नियम असा की प्रयत्न चौपट केले तेव्हा कुठे टक्केवारीतली अनिश्चितता निम्मी होते. म्हणून पाचाच्या सहा करून काही साधत नाही, उडी मोठीच घ्यावी लागते. आणि वीस सर्व्हिस एकाच दिवशी घ्यायची गरज नाही. चार वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच घेतल्या, मुलांनीच जोड्या करून एकमेकांच्या मोजल्या आणि सर फक्त फिरून पाहत राहिले, तर वेळेचं गणितही बसतं. शिवाय एखाद्या दिवशी मूल आजारी असलं किंवा अनवाणी आलं असलं, तर त्याची झळ सगळ्या गुणांना बसत नाही.

आता वारा. आपल्याकडे शाळा जूनच्या तोंडावर सुरू होते आणि तालुका पातळीच्या स्पर्धा पावसाळ्यातच येतात. तेव्हा सह्याद्री ओलांडून येणारा पश्चिमेचा वारा मैदानावर चांगलाच जाणवतो. चेंडूला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि इथे वेग मोजायचा तो जमिनीच्या नव्हे, हवेच्या तुलनेत. शाळकरी मुलाची सर्व्हिस सेकंदाला १२ मीटर वेगाने सुटली आणि वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटरचा असला, तर वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या चेंडूला हवा लागते १६ मीटर वेगाने आणि वाऱ्यासोबत जाणाऱ्याला ८ मीटर वेगाने. ढोबळ हिशेबात विरोध चौपट झाला. एकाची सर्व्हिस नेटमध्ये, दुसऱ्याची मागच्या रेषेबाहेर, आणि दोघांच्या हाताची ताकद मात्र तीच. मोकळ्या मैदानावर निम्म्या सर्व्हिस या बाजूने आणि निम्म्या त्या बाजूने घेण्याला म्हणूनच पर्याय नाही. खानापूरकडच्या पावसात भिजलेल्या जुन्या चेंडूचीही तीच गोष्ट. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम आणि परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर असावा लागतो. परीक्षेच्या सकाळी किराणा दुकानातल्या काट्यावर चेंडू ठेवून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

गुण कशाला द्यायचे यावर मुलं कशी खेळतील हेही ठरतं. पलीकडच्या कोर्टाचे फक्कीने भाग पाडून मागच्या कोपऱ्यांना चार गुण आणि मधल्या भागाला दोन गुण, ही पद्धत बरीच जुनी आहे. दिसायला ती चोख वाटते. पण एखाद्या मुलाचा कोपरा दहांतून चार वेळा साधतो आणि मध्यभाग नऊ वेळा, असं धरा. कोपऱ्यावर मारून त्याला दर सर्व्हिसमागे सरासरी १.६ गुण पडतात, मध्यभागी मारून १.८. हुशार मूल मध्यभागीच मारणार, आणि वहीत नोंद होणार की याला कोपरा जमत नाही. त्यापेक्षा सर्व्हिसच्या आधीच जागा सांगावी आणि तिथे पडली की नाही एवढंच लिहावं.

सर्व्हिसवर इतकं बोललो तरी ती व्हॉलीबॉलचा सगळ्यात सोपा भाग आहे, निदान मोजायला. या खेळात चेंडू खेळाडूच्या हातात स्थिर असतो तो फक्त सर्व्हिसच्या वेळी. बाकी प्रत्येक स्पर्श दुसऱ्या कुणीतरी पाठवलेल्या चेंडूला करावा लागतो, म्हणजे आधी ओळखायचं, मग पाय हलवायचे, मग हात लावायचा. माझ्या मते शाळेतल्या मूल्यमापनाचा निम्मा भार तरी पहिल्या पासवर, म्हणजे पलीकडून आलेल्या चेंडूला केलेल्या पहिल्या स्पर्शावर असला पाहिजे, कारण तो बिघडला की चेंडू उचलून देणाऱ्या बूस्टरला काही करता येत नाही आणि तो पलीकडे हाणणारा स्मॅशर नुसता उभा राहतो.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. गावागावांत संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉल रंगतं. ते खेळून तयार झालेल्या मुलाचा हात दणकट असतो, नजर तयार असते, पण आलेला चेंडू ठोसून थेट पलीकडे पाठवण्याची सवय अंगात मुरलेली असते. सर्व्हिसच्या परीक्षेत असा मुलगा पहिला येतो. सहा जणांच्या स्मॅशिंगच्या, म्हणजे शाळेतल्या नेहमीच्या व्हॉलीबॉलच्या खेळात त्याला चेंडू आपल्याच बूस्टरकडे मऊपणे द्यायचा असतो, आणि ते त्याला येतं की नाही हे पाच सर्व्हिसमधून कधीच कळत नाही. त्याला नापास करायचं म्हणून नव्हे, नेमकं काय शिकवायचं ते कळावं म्हणून पासची परीक्षा हवी.

ती अशी घेता येईल. नेटपासून हातभर अंतर सोडून, मध्यापासून थोडं उजवीकडे, बूस्टर जिथे उभा राहतो तिथे दोन मीटर व्यासाचं वर्तुळ फक्कीने आखायचं. नेटपासून तीन मीटरवर असलेल्या अटॅक लाइनच्या जरा मागे दोन वेळूंना साडेतीन मीटर उंचीवर दोरी बांधायची. दोरी कशाला, तर वेळासाठी. साडेतीन मीटरवरून दोन मीटरवरच्या हातांपर्यंत खाली यायला चेंडूला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यातच बूस्टर चेंडूखाली येऊन बोटं लावतो. दोरीखालून सपाट गेलेला पास वर्तुळात पडला तरी खेळात तो कुचकामी. दोरीवरून वर्तुळात गेला तर तीन गुण, दोरीवरून जाऊन अटॅक लाइनच्या पुढे कुठेही पडला तर दोन, नुसता खेळता येण्याजोगा वर उडाला तर एक, नाहीतर शून्य. प्रशिक्षक सामन्यात पास मोजतात तेही बहुधा अशाच शून्य ते तीनच्या मापाने.

चेंडू पाठवायचा कुणी? सरांनी हाताने फेकला तर तो सगळ्यांना सारखा मिळतो, पण सर्व्हिससारखा येत नाही. फिरकी न देता मारलेल्या फ्लोट सर्व्हिसमध्ये चेंडूच्या पृष्ठभागावरून आणि शिवणींवरून हवा दोन्ही बाजूंना सारखी सुटत नाही. कधी ही बाजू जड, कधी ती. त्यामुळे बाजूने लागणारा जोर वाटेतच बदलतो आणि चेंडू डुलत येतो. फेकलेला चेंडू झेलणारं मूल डुलत्या चेंडूपुढे गोंधळतं. मला पटणारा मार्ग असा: निम्मे चेंडू हाताने, निम्मे वर्गातल्या एकाच भरवशाच्या सर्व्हरकडून. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आखूड तीन, सरळ तीन असे बारा चेंडू सगळ्यांना सारखेच, पण त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून दर वेळी बदललेला. क्रम माहीत झाला की पायांची परीक्षा उरतच नाही.

भिंतीवरची चाचणी बरीच जुनी. अमेरिकेत १९४५ साली ब्रॅडी यांनी महाविद्यालयीन मुलांसाठी ती मांडली: भिंतीवर साडेअकरा फूट उंचीवर पाच फूट लांब रेघ, आणि एका मिनिटात तिच्या वर किती वेळा चेंडू बोटांनी खेळता येतो ते मोजायचं. जाणकारांनी खेळ पाहून दिलेल्या गुणांशी ती ताडूनही पाहिली होती. बोटांचा मऊपणा तिच्यातून छान कळतो. पण नवख्या मुलाचं निम्मं मिनिट घरंगळलेला चेंडू आणण्यात जातं, म्हणून आपल्या आठवीसाठी रेघ खाली घ्यावी आणि चेंडू सुटला की घड्याळ थांबवावं.

परीक्षा कधी घ्यायची, यावर मानसशास्त्राने एक महत्त्वाची गोष्ट शोधून ठेवली आहे. १९७९ साली शिया आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींचे तीन प्रकार दोन गटांना शिकवले. एका गटाने एकेक प्रकार घोटून पूर्ण केला, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारा गट सरस दिसत होता. दहा मिनिटांनी आणि पुढे दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे होता. म्हणजे तासभर फक्त अंडरहँड पास घोटून लगेच गुण दिले, तर आपण त्या तासाची गरमी मोजतो. आठवडाभराने, मध्ये दुसरे खेळ होऊन गेल्यावर घेतलेले गुण कमी येतात, आणि तेच खरे असतात.

उरला मोजणाऱ्याचा डोळा. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांचे गुण एकमेकांशी जुळायला हवेत त्यापेक्षा फारच जास्त जुळत होते. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडत होती. तालुक्याला खेळून आलेला उंच मुलगा समोर आला की त्याचा अर्धवट पासही आपल्याला बरा वाटतो, तो असाच.

सीमाभागात यावर एक उपाय हाताशी आहे. कित्येक गावांत मराठी आणि कन्नड शाळा शेजारीशेजारी आहेत, कुठे कुठे मैदानही एकच. दोन शाळांच्या पी.टी. शिक्षकांनी एकमेकांच्या मुलांना गुण द्यावेत. कोण कुणाचा, कोण कुठल्या स्पर्धेला गेला होता, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसतं. भाषेची अडचण येऊ नये म्हणून सूचना तोंडी देण्यापेक्षा प्रत्येक चाचणी आधी एकदा करून दाखवावी. नाहीतर काय करायचं हे न कळल्याने चुकलेलं मूलही कच्चं ठरतं.

पहिल्या दिवशी दोघांनी एकाच मुलांचे गुण वेगवेगळ्या वह्यांत लिहावेत आणि संध्याकाळी वह्या शेजारी ठेवाव्यात. जिथे एकाने तीन आणि दुसऱ्याने एक दिलाय, तिथे मुलापेक्षा आपलीच व्याख्या सैल असण्याची शक्यता जास्त. दोरीला घासून गेलेला पास कुठे धरायचा? वर्तुळाच्या फक्कीवर पडलेला आत की बाहेर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या नियमातच आहे. कोर्टाच्या रेषेला लागलेला चेंडू आत असतो, तेव्हा वर्तुळालाही तेच लागू करावं. दोरीचं मात्र दोघांनी बसून ठरवावं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूआधी मुलांना सांगावं.