निऑन टी-शर्ट आणि रिफ्लेक्टर पट्टी: पहाटेच्या अंधारात नेमके काय दिसते

डिसेंबर लागला की मुंबईत धावणाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक गटात एकच सूचना फिरू लागते: "पहाटे अंधार असतो, निऑन रंगाचे कपडे घाला, म्हणजे गाडीवाल्यांना दिसाल." सूचना देणाऱ्यांची कळकळ खरी असते, परंतु सूचना चुकीची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवून माणसे आरेच्या रस्त्यावर किंवा पाम बीच रोडवर अंधारात निर्धास्तपणे धावतात, म्हणून ती दुरुस्त करणे आवश्यक आहे. निऑन रंग आणि रिफ्लेक्टर पट्टी या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. एक उजेडात काम करते, तर दुसरी अंधारात, आणि तीही केवळ समोरून दिव्याचा झोत आला तरच.

निऑन कपड्यांबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण पोपटी, केशरी आणि भडक गुलाबी टी-शर्ट प्रत्येकाच्या कपाटात असतात. या फ्लुओरेसंट रंगांतील द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील आणि निळे किरण शोषून घेते आणि तीच ऊर्जा पिवळ्या-हिरव्या किंवा केशरी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. रंगाच्या स्वतःच्या परावर्तनात ही भर पडते, त्यामुळे कापड शेजारच्या पांढऱ्या कापडापेक्षाही उजळ भासते. ढगाळ दिवशी किंवा सूर्योदयाच्या आधी फटफटू लागते त्या वेळी हा परिणाम सर्वांत ठळक असतो. पोपटी घ्यावा की केशरी, हा वाद दोन्ही बाजूंनी हिरिरीने चालतो. माझ्या मते त्यात वेळ घालवण्यासारखे काही नाही.

अडचण वेळेची आहे. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होणारा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर सव्वासातपर्यंत लांबतो आणि नीट दिसू लागेल एवढा उजेड पावणेसातच्या पुढेच येतो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे मात्र लांब पल्ल्याच्या सरावासाठी पाचच्या आसपास घर सोडतात. शर्यतीच्या दिवशी रस्ते वाहनांसाठी बंद असतात. सरावाच्या रविवारी ते पूर्णपणे उघडे असतात आणि मोकळे असल्यामुळे गाड्याही वेगात असतात.

त्या दीड-पावणेदोन तासांत निऑन रंगाला चेतवणारे किरणच उपलब्ध नसतात. जुन्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ निव्वळ पिवळा असतो, त्यामुळे त्याखाली पोपटी टी-शर्ट आणि पांढरा टी-शर्ट यांत फरक करणे कठीण जाते. नव्या एलईडी दिव्यांत निळा भाग थोडा असतो, परंतु रस्त्यावर पडणारा एकूण उजेड दिवसाच्या मानाने इतका क्षीण असतो की निऑनचा गुण फारसा उरत नाही. गाडीच्या हेडलाइटमध्येही अतिनील किरण नगण्य असतात. म्हणजे पहाटे साडेपाच वाजता निऑन टी-शर्ट हा फक्त एक फिक्या रंगाचा टी-शर्ट असतो. तो काळ्यापेक्षा बरा आहे, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येते. दुकानात अशा टी-शर्टांवर "नाइट रन" असे लेबल लावलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण विकत घेणारा त्यावर आपल्या जिवाची जबाबदारी सोपवत असतो.

रिफ्लेक्टर पट्टीचे तत्त्व याहून पूर्णपणे निराळे आहे आणि गोंधळ खरा तिथेच होतो. तिचा रंग बहुधा मळकट राखाडी असतो, त्यामुळे उजेडात ती नजरेत भरत नाही आणि घेणाऱ्याला ती कुचकामी वाटते. तिच्या पृष्ठभागावर काचेचे अतिशय बारीक मणी असतात आणि त्यांच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा थर असतो. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी सूक्ष्म लोलक असतात. आरशावर तिरका पडलेला प्रकाश पलीकडच्या दिशेला निघून जातो आणि साधे कापड तो सगळीकडे विखरून टाकते. मणी आणि लोलक मात्र प्रकाश ज्या दिशेने आला, त्याच दिशेने परत पाठवतात. पर्सी शॉ या इंग्रज गृहस्थांनी १९३४ च्या सुमारास रस्त्यात बसवण्यासाठी तयार केलेले कॅट आय याच तत्त्वावर चालतात, आणि द्रुतगती मार्गावर रात्री प्रवास केलेल्या प्रत्येकाने ते लखलखताना पाहिलेले आहेत.

प्रकाश उगमाकडेच परततो, यातच या पट्टीचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. चालकाचे डोळे त्याच्या हेडलाइटच्या जवळपास असतात म्हणून त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. त्याच क्षणी आपल्या शेजारून धावणाऱ्या मित्राला ती राखाडीच दिसत असते. त्यामुळे "बघ, माझी पट्टी चमकते का?" असे शेजारच्याला विचारून काहीही कळत नाही. ट्रक किंवा डंपरचा चालक हेडलाइटपासून बराच उंच बसतो, म्हणून जवळच्या अंतरावर परतणाऱ्या प्रकाशाचा त्याच्या वाट्याला येणारा भाग कमी असतो. अवजड वाहन दिसले की रस्त्याच्या कडेला सरकावे, हा नियम पट्टी असतानाही सोडू नये.

आता अंतराचा विचार करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे किमान ४५ मीटरवरून चालकाला केवळ काहीतरी दिसून भागत नाही. ते माणूस आहे हे कळले पाहिजे.

माणूस आहे हे कळण्यासाठी पट्टी कुठे लावली आहे याला फार महत्त्व आहे. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांच्या केवळ सांध्यांवर प्रकाशबिंदू दाखवले होते. बिंदू स्थिर असताना पाहणाऱ्यांना अर्थबोध होत नसे, पण ते हलू लागताच माणूस चालतो आहे हे तत्काळ ओळखू येई. पुढे वाहनचालकांवर झालेल्या अभ्यासांतही हेच आढळले की घोटे, गुडघे आणि मनगटे यांवरच्या पट्ट्यांमुळे पादचारी केवळ छातीवरच्या पट्ट्यांपेक्षा अधिक दुरून ओळखला जातो. छातीवरचा पट्टा अंधारात एखाद्या फलकासारखा किंवा उभ्या वाहनाच्या रिफ्लेक्टरसारखा भासू शकतो. वरखाली होणारे दोन घोटे दुसऱ्या कशासारखे दिसत नाहीत. म्हणून एकच वस्तू घ्यायची असेल तर महागड्या जाकिटापेक्षा घोट्याला बांधायच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, हे माझे ठाम मत आहे. पाच वाजता काळा टी-शर्ट आणि घोट्याला पट्ट्या बांधलेला धावपटू नुसत्या निऑन टी-शर्टमधल्या धावपटूपेक्षा सुरक्षित असतो.

बहुतेक टी-शर्टांवर रिफ्लेक्टरची बारीक रेघ मानेखाली, पाठीवर असते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून पदपथ नसेल तेव्हा उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावणे योग्य असते. असे धावणाऱ्याची ती रेघ जवळच्या गाड्यांना दिसतच नाही. घोट्याभोवती पूर्ण वेढा देणाऱ्या पट्टीत ही उणीव नसते.

पट्टी निरुपयोगी ठरते असे प्रसंगही आहेत. गल्लीतून वळणाऱ्या गाडीचा झोत शेवटच्या क्षणापर्यंत आपल्यावर पडत नाही. दुचाकींचा दिवा सतत चालू राहण्याची सोय एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, पण सायकलींना बहुधा दिवाच नसतो आणि पथदिव्यांखाली काही रिक्षावाले हेडलाइट बंद ठेवतात. अशा ठिकाणी स्वतःचा दिवाच हवा: पुढे पांढरा, मागे लाल. आरेसारख्या काळोख्या रस्त्यावर त्याचा दुसरा उपयोग खड्डे दिसण्यासाठी होतो.

निऑन फेकून द्यावे असे मात्र नाही. वाहतूक पोलीस आणि मेट्रोच्या कामावरचे कामगार यांच्या जाकिटांवर भडक रंगाचे कापड आणि त्यावर राखाडी पट्टे असे दोन्ही असतात, कारण त्यांना दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा दिसायचे असते. पाचला निघून आठला परतणाऱ्या धावपटूचीही हीच गरज आहे. पावणेसातपर्यंत पट्टी आणि त्यानंतर कापड आपापले काम करते.

खरेदी करताना दुकानाच्या दिव्याखाली पाहून फसू नये, कारण चंदेरी छपाई तिथे चमकते आणि रस्त्यावर तिचा उपयोग होत नाही. पट्टी तीन-चार मीटरवर ठेवावी आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरून तिच्याकडे पाहावे. मग टॉर्च हात लांब करून बाजूला न्यावा. खरी पट्टी पहिल्या वेळी प्रखर दिसते आणि दुसऱ्या वेळी मंदावते. चंदेरी छपाईत असा फरक पडत नाही. हीच परीक्षा जुन्या पट्टीचीही दर मोसमाच्या सुरुवातीला घ्यावी, कारण वारंवार धुण्याने आणि घासण्याने मणी निघून जातात. उघडे मणी असलेली पट्टी घामाने भिजली तरी तिची चमक तात्पुरती उतरते, त्यामुळे लांब सरावात ती मधूनच पुसून घ्यावी, आणि धुताना ब्रश व फॅब्रिक सॉफ्टनर दोन्ही टाळावेत.