मुइझेनबर्ग: सौम्य लाटांची वाटणी

केपटाउनला कसोटी बघायला गेलेली आपली मंडळी न्यूलँड्स स्टेशनवर उतरतात आणि सामना संपला की परत शहरात जातात. त्याच लोकलने उलट्या दिशेला, दक्षिणेकडे, अर्धा-पाऊण तास बसून राहिलं तर रूळ थेट समुद्रापाशी येतात. ते मुइझेनबर्ग. सर्फिंग शिकायला जगभरातून लोक इथे का येतात, हे पाण्यात उभं राहिलं की कळतं. तळ वाळूचा आणि उतार फार कमी, त्यामुळे लाट अंगावर कोसळत नाही, दूरवर फुटून फेसाळत किनाऱ्याकडे येते. मुइझेनबर्ग ज्या उपसागरावर आहे त्या फॉल्स बेचं पाणीही उन्हाळ्यात अटलांटिक बाजूच्या किनाऱ्यांइतकं गोठवणारं नसतं. उन्हाळ्यातला आग्नेयेचा वारा मात्र पाणी पार घुसळून टाकतो. हिवाळ्यात वायव्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तेव्हा लाटा नीट आकार धरतात.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांकडून केप वसाहत घेतली, त्यातली एक लढाई इथेच झाली. १८८२ मध्ये रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग सोन्या-हिऱ्यांच्या खाणींतला पैसा. खाणमालकांनी समुद्राकाठी बंगले बांधले. त्यांच्यातला सर्वांत वजनदार साम्राज्यवादी पुढारी १९०२ मध्ये इथल्याच एका साध्या कॉटेजमध्ये वारला. १९२२ मध्ये रहस्यकथा लिहिणारी एक इंग्रज लेखिका इथे पातळ फळीवर पोटावर झोपून लाटा घ्यायला शिकली, आणि १९३२ मध्ये पंचाहत्तरीतला एक आयरिश नाटककार तसल्याच फळीसोबत छायाचित्रात आला. या किनाऱ्याबद्दल काहीही वाचायला घ्या, हे दोघे भेटतातच. त्यांची गंमत मान्य, पण किनाऱ्याचा आजचा नकाशा त्यांनी ठरवला नाही. तो ठरला १९६० मध्ये.

वर्णभेदी सरकारच्या १९५३ च्या कायद्याने बाकं, प्रतीक्षालयं, बसगाड्या वंशानुसार वेगळ्या करण्याची मुभा दिली. वेगळी केलेली सोय समान दर्जाची असण्याची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एवढा उघडा कायदा वर्णभेदाच्या काळातही विरळाच. १९६० च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत समुद्रकिनारा आणला, आणि नुसती वाळू नाही, पाणीसुद्धा. मुइझेनबर्ग गोऱ्यांकडे गेलं. लोकलच्या थांब्यापासून चार पावलांवरचा, उथळ, नवशिक्यांना सांभाळून घेणारा हा कोपरा. त्यासोबत आज ज्यांच्यापुढे सगळे फोटो काढतात, त्या कपडे बदलायच्या रंगीत लाकडी खोल्याही.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की उपसागर मोठा आहे आणि प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतोय. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर तो पोकळ निघतो. मुइझेनबर्गहून पूर्वेकडे किनाऱ्याकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर आधी स्ट्रँडफाँटेन लागतं. तो पट्टा सरकारी भाषेत ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांसाठी ठेवला. तिथे पुढे भरती-ओहोटीच्या पाण्यावर भरणारा प्रचंड तलाव बांधला गेला. आणखी पुढे खायेलित्शा या काळ्या वस्तीजवळ ऐंशीच्या दशकात मोन्वाबिसी हे समुद्रकाठचं सहलस्थळ उभं केलं. तिथल्या बांधामुळे पाण्याला जोरदार ओढ निर्माण होते आणि माणसं बुडतात. समुद्र एकच, पण ज्यांना पोहायला शिकायची संधी सर्वांत कमी मिळाली होती त्यांच्या वाट्याला सर्वांत दगाबाज पाणी आलं. याला निव्वळ योगायोग म्हणायला मन धजत नाही.

वाळूबरोबर घरंही गेली. मुइझेनबर्गपासून दोन स्थानकांवरच्या काल्क बे या कोळीवस्तीला १९६७ मध्ये गोऱ्यांचा विभाग घोषित केलं. मच्छीमारांच्या चाळीतल्या कुटुंबांना पंधरा वर्षांची मुदत मिळाली, म्हणून तिथे काही जुने दर्यावर्दी टिकले. त्याच वर्षी पलीकडच्या सायमन्स टाउनवरही हीच घोषणा आली आणि तिथल्या गोरेतर कुटुंबांना घरं सोडावी लागली.

सर्फिंगच्या जगाला हे दिसत नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये डरबनच्या स्पर्धेला आलेल्या हवाईच्या एका नामवंत सर्फरला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाकारली गेली. पण स्पर्धा चालूच राहिल्या. तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन विश्वविजेत्याने आणि आणखी काही जणांनी दक्षिण आफ्रिकेतल्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला तो थेट १९८५ मध्ये. ‘खेळात राजकारण नको’ हा सूर तोवर पुरून उरला होता.

ऑगस्ट १९८९ मध्ये केपटाउनजवळच्या दोन गोऱ्या किनाऱ्यांवर आंदोलक उतरले आणि पोलिसांनी कुत्री व चाबूक आणले. नोव्हेंबरमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी सगळे किनारे सर्वांना खुले केल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी कायदाच रद्द झाला. पाट्या उतरल्या, अंतरं मात्र तशीच राहिली. खायेलित्शा आणि मुइझेनबर्ग एकाच उपसागराच्या काठावर आहेत, पण दोन्हींचे लोकलमार्ग वेगळे. रेल्वेने यायचं तर आधी शहराकडे जाऊन गाडी बदलावी लागते. गेल्या दीड दशकात वस्त्यांमधल्या मुलांना सर्फिंगमधून मानसिक आधार देणारे उपक्रम इथे रुजले. त्यांतला काही भाग मुइझेनबर्गची वाट न पाहता मोन्वाबिसीच्याच पाण्यात चालतो, हे नोंदवण्याजोगं आहे.

बाहेरच्या पाहुण्याला मात्र यातलं काही विचारावंसं वाटत नाही. त्याचा प्रश्न एकच: शार्क आहेत का? २००४ पासून डोंगरकुशीतल्या बॉइज ड्राइव्ह रस्त्यावरून टेहळे पाण्यावर नजर ठेवतात. ही कल्पना एखाद्या संशोधन संस्थेतून आलेली नाही. किनाऱ्यावर गाड्या राखणाऱ्या स्थानिकांपासून ती सुरू झाली. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क नाही. काळ्याचा अर्थ पुष्कळांना उलटा कळतो: धोका दिसलाय असं नाही, पाणी गढूळ किंवा प्रकाश वाईट असल्याने टेहळ्यांना नीट दिसत नाही, एवढंच. लाल म्हणजे सावधगिरी वाढवा. शार्कचं चित्र असलेला पांढरा झेंडा चढला आणि भोंगा वाजला की मुकाट्याने बाहेर यायचं.

गेल्या काही वर्षांत पांढरा शार्क फॉल्स बेतून जवळपास दिसेनासा झालाय. २०१९ मध्ये टेहळ्यांना त्याचं एकही खात्रीशीर दर्शन झालं नाही. काही अभ्यासक शार्कचं यकृत खाणाऱ्या दोन ऑर्का देवमाशांकडे बोट दाखवतात, तर काही जण छोट्या शार्कच्या व्यापारी मासेमारीकडे, कारण मोठ्याचं खाद्य त्यातच संपतं. वाद मिटलेला नाही. टेहळणी अजून चालू आहे आणि झेंडे रोज बदलतात.