लाकूड जाळून वीज: ब्रिटनमध्ये अनुदानाला पात्र कोण आणि कागदपत्रे कोणती

ब्रिटनमध्ये लाकूड जाळून केलेल्या विजेला अनुदान मिळते, पण सरसकट नाही. वीज केंद्रात आलेल्या प्रत्येक खेपेबद्दल दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, लाकूड कोणत्या जंगलातून आणि कशा तोडीतून आले; ही जमिनीची कसोटी. दोन, ते झाडापासून बॉयलरपर्यंत पोचेस्तोवर किती हरितगृह वायू बाहेर पडले; ही उत्सर्जनाची कसोटी. यातली एक जरी बाजू कागदावर लंगडी पडली, तर तेवढ्या विजेवर अनुदान नाही. मग बॉयलर कितीही उत्तम चालो.

आधी योजना ओळखा

जुनी आणि मोठी योजना म्हणजे रिन्यूएबल्स ऑब्लिगेशन, थोडक्यात आरओ. तिचा कारभार ऑफजेम हा ऊर्जा नियामक पाहतो. झालेल्या विजेच्या प्रमाणात ऑफजेम ‘आरओसी’ प्रमाणपत्रे देतो. वीज पुरवठादारांना ठरावीक संख्येने ती दाखवावी लागतात, म्हणून ते ती विकत घेतात, आणि केंद्राला पैसा मिळतो तो असा. काही सवलतीच्या मुदती सोडल्या, तर ३१ मार्च २०१७ पासून नव्या केंद्रांना या योजनेचे दार बंद आहे. त्यामुळे आज अर्ज म्हणजे नवी नोंदणी नव्हे; आधीच मान्यता मिळालेल्या केंद्राने महिन्यामागून महिना करायचा दावा.

दुसरी योजना सीएफडी, म्हणजे फरकाचा करार. करारातला दर आणि बाजारभाव यांतली तफावत लो कार्बन कॉन्ट्रॅक्ट्स कंपनी ही सरकारी मालकीची कंपनी भरून देते. भाव वर चढला तर केंद्राने परत करायची. कसोट्या बऱ्याच अंशी सारख्या, तपासणारे वेगळे. नॉर्थ यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स केंद्राचे चार संच लाकडावर चालतात. त्यातला एक सीएफडीवर आहे, बाकीचे आरओवर. आवार एकच, हिशेबाच्या वह्या दोन. पुढची माहिती मुख्यतः आरओची आहे.

कोणाला काय लागू

केंद्राची क्षमता ५० किलोवॉटपर्यंत असेल तर शाश्वततेची कटकट नाही. ५० किलोवॉटच्या वर पण १ मेगावॉटच्या आत असेल तर माहिती द्यावी लागते, मात्र कसोटीत नापास झाल्याने प्रमाणपत्र अडत नाही. १ मेगावॉट किंवा अधिक असेल तर १ डिसेंबर २०१५ पासून माहितीही द्यायची, कसोटीही पार करायची आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षणही करून घ्यायचे.

इमारती पाडताना निघालेल्या किंवा वापरून फेकलेल्या लाकडाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या टाकाऊला, दोन्ही कसोट्यांतून सूट आहे. पण ते टाकाऊच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी केंद्राची. सूट मिळावी म्हणून चांगल्या लाकडात मुद्दाम भेसळ केली, तर ते टाकाऊ ठरत नाही. रस्त्याकडेच्या आणि बागांतल्या झाडांच्या छाटणीला जमिनीच्या कसोटीतून सूट आहे, उत्सर्जनाच्या कसोटीतून नाही. ही गल्लत नेहमी होते.

जमिनीची कसोटी

लाकडी इंधनासाठी ब्रिटन सरकारचे स्वतंत्र टिंबर स्टँडर्ड आहे. त्याचा गाभा ७०:३० या प्रमाणात आहे: किमान ७० टक्के लाकूड शाश्वत व्यवस्थापन असलेल्या जंगलातले हवे, आणि कायदेशीर तोडीचे मात्र शंभर टक्के. उरलेल्या ३० टक्क्यांत काहीही चालते असे समजणारा पुरवठादार इथेच अडकतो.

पुरावा दोन प्रकारचा. ‘अ’ प्रकारात एफएससी किंवा पीईएफसीसारखे जंगलांसाठीचे मान्य प्रमाणन, आणि जंगलापासून केंद्रापर्यंत मालकी बदलत गेली त्या प्रत्येक टप्प्यावर चेन ऑफ कस्टडीचे, म्हणजे माल कोणाच्या हातून गेला याची साखळी दाखवणारे, चालू प्रमाणपत्र. मधल्या एका व्यापाऱ्याचे प्रमाणपत्र संपलेले असले की मागची सगळी साखळी तुटते. म्हणून नुसती प्रत घेऊ नका, प्रमाणन संस्थेच्या नोंदवहीत माल पाठवल्या तारखेची स्थिती पाहा. ‘ब’ प्रकारात प्रमाणपत्र नसते. त्या प्रदेशातले कायदे, त्यांची अंमलबजावणी, जैवविविधता, जंगलाची वाढ आणि तोड यांचा जोखीम आढावा मुद्देसूद मांडावा लागतो. छोट्या छोट्या खासगी मालकांकडून लाकूड येते तिथे, उदाहरणार्थ अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत, हा मार्ग वापरला जातो. सस्टेनेबल बायोमास प्रोग्राम, म्हणजे एसबीपी, ही पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या) उद्योगासाठीची प्रमाणन व्यवस्थाही याच धर्तीवर पुरवठा क्षेत्राचा अहवाल मागते.

उत्सर्जनाचे गणित

यात तोडणी, वाहतूक, सुकवणे, दळणे, पेलेट दाबणे, जहाज आणि रेल्वे हे सगळे धरतात. जमिनीचा वापर बदलला असेल तर तेही. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र शून्य धरतात, कारण राष्ट्रीय हिशेबात त्याची नोंद झाड तुटले त्या देशाच्या जमीन-वापर खात्यात होते. धोरणावरच्या बहुतेक वादाची मेख इथे आहे, आणि तो वाद खेपेच्या कागदांनी सुटणारा नाही. कागद फक्त पुरवठा साखळी मोजतात.

मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. दर मेगाज्यूल विजेमागे आधी ७९.२ ग्रॅम, एप्रिल २०२० पासून ५५.६ आणि एप्रिल २०२५ पासून ५० ग्रॅम. ५० ग्रॅम म्हणजे दर मेगावॉट-तासाला १८० किलो.

आता हिशेब करून पाहा. समजा, पेलेट केंद्रात येईपर्यंत दर मेगाज्यूल इंधनामागे १५ ग्रॅम झाले आणि केंद्राची विद्युत कार्यक्षमता ३८ टक्के आहे. १५ भागिले ०.३८, म्हणजे ३९.५ ग्रॅम. पास. इंधनाचा आकडा १९.५ झाला तर उत्तर ५१.३ येते आणि खेप मर्यादेबाहेर जाते. ग्रॅम इंधनामागचे की विजेमागचे, हे न पाहता आकडे जुळवणारे इथे फसतात.

आकडा वाढतो तो बहुधा सुकवणीत. ओल्या लाकडात निम्मे पाणी असते आणि पेलेटमध्ये ते दहा टक्क्यांच्या आत आणावे लागते. ड्रायर नैसर्गिक वायूवर चालला तर आकडा चढतो, झाडाची साल जाळून चालवला तर उतरतो. म्हणून कारखान्याकडून ड्रायरच्या इंधनाची बिले आणि विजेचा वापर मागून घ्या, सरासरी आकड्यावर विसंबू नका. गणितासाठी सरकारने काढलेला बायोमास आणि बायोगॅस कार्बन कॅल्क्युलेटर वापरता येतो.

खेप ठरवणे: चुका इथेच होतात

एक जहाज म्हणजे एक खेप नव्हे. लाकडाचा प्रकार, इंधनाचे रूप, उगमाचा देश, ते उत्पादन आहे की अवशेष की टाकाऊ हे वर्गीकरण, आणि दोन्ही कसोट्यांचा निकाल हे सगळे सारखे असेल तरच ती एक खेप. एकाच जहाजात गिरणीचा भुसा आणि विरळणीतले बारीक ओंडके, दोन्हींचे पेलेट असतील तर खेपा दोन.

साठवणीत माल मिसळला तरी चालते. त्यासाठी मास बॅलन्स ठेवायचा. अमुक गुणाचा माल जितका आत आला, त्यापेक्षा जास्त त्या गुणाने बाहेर काढता येत नाही. वाटेत पडलेली तूट आणि ओलाव्याने बदललेले वजनही याच ताळ्यात बसले पाहिजे. वजन, नमुने, उष्मांक आणि महिन्याच्या सुरुवातीचा व शेवटचा साठा कसा मोजणार, ही पद्धत ऑफजेमकडून आधी मान्य करून घ्यावी लागते. विजेची माहिती त्या महिन्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायची, म्हणजे एप्रिलची ३० जूनपर्यंत.

याशिवाय खेपेचा तपशील द्यायचा असतो: जंगलाचा प्रकार, फळ्या पाडण्याजोग्या ओंडक्यांचे प्रमाण वगैरे. हा भाग दुय्यम वाटतो, पण महागात पडू शकतो. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या वर्षातल्या कॅनडाच्या मालाबद्दल नेमकी हीच माहिती ड्रॅक्सला पुरेशा पुराव्याने मांडता आली नाही. प्रमाणपत्रे चुकीने दिली गेली असे ऑफजेमला आढळले नाही, मुद्दाम फसवणूकही नाही. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने अडीच कोटी पौंड भरायचे कबूल केले. माहिती गोळा करण्याची यंत्रणाच कच्ची होती, एवढे कारण पुरले.

वार्षिक अहवाल स्वतंत्र लेखापरीक्षकाने आयएसएई ३००० या आंतरराष्ट्रीय तपासणी मानकानुसार, मर्यादित खात्रीच्या पातळीवर द्यायचा असतो. त्यात नमुन्यादाखल तपासणी होते, प्रत्येक ट्रक मागे जाऊन पाहिला जात नाही. सध्याची व्यवस्था पुरेशी असल्याचे सरकार दाखवू शकत नाही, असा ठपका ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी २०२४ मध्ये ठेवला, आणि तो अनाठायी नव्हता.

एप्रिल २०२७ नंतर

मोठ्या केंद्रांचे सध्याचे पाठबळ मार्च २०२७ अखेर संपते. ड्रॅक्ससाठी २०३१ पर्यंतची पुढची व्यवस्था सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केली. तिच्यात शाश्वत लाकडाचे प्रमाण ७० वरून १०० टक्के होते, आदिम आणि जुन्या जंगलातले लाकूड अनुदानातून बाद होते, उत्सर्जनाची मर्यादा ३६.६ ग्रॅमवर येते आणि वर्षभरातली निर्मिती पूर्ण क्षमतेच्या २७ टक्क्यांच्या आसपास रोखली जाते. वरच्या उदाहरणातली ३९.५ ग्रॅमची खेप तिथे नापास ठरेल; ३८ टक्के कार्यक्षमतेला इंधनाचा आकडा १३.९ च्या आत बसवावा लागेल. ज्या कारखान्यांचे ड्रायर अजून वायूवर आहेत, त्यांच्याशी पुढचे करार करण्याआधी हा भागाकार करून घ्या. आणि आजवर ३० टक्क्यांत खपून गेलेल्या पुरवठादारांकडून ‘अ’ किंवा ‘ब’ पुरावा आत्तापासून मागायला लागा; जोखीम आढावा आठवड्याभरात तयार होत नाही.