रोही, रानडुक्कर आणि 'उपद्रवी' या शब्दाचा घोळ

तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जाणं काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, बुजगावणं, फटाके, डबे वाजवणं, झटका मशीन सगळं करून झालेलं असतं.

जुनं थोडक्यात. इंग्रजांच्या काळात घोड्यावर बसून भाल्याने डुकरं मारणं हा साहेबलोकांचा खेळ, त्यात शेत वाचलं तर वाचलं. कोकणात मात्र ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या लायसनवर घरोघरी आली, 1959 च्या शस्त्र कायद्यातही तिला जागा आहे, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची हेही ठरलेलं.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार बंद झाली असं सर्रास म्हणतात, पण ते तितकं खरं नाही. डुक्कर आणि रोही तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत होते, लायसन काढून मारता यायचे. खरी कुलूपबंदी 1991 च्या दुरुस्तीने झाली, शौकाच्या शिकारीचं लायसनच गेलं. उरलं ते कलम 11, म्हणजे उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी परवानगीने मारता येतं.

आता खरा घोळ. 2015 मध्ये आपल्या राज्याने रोही आणि रानडुकराच्या पारधीची परवानगी सोपी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने बिहारसाठी हेच दोन प्राणी वर्षभरापुरते 'उपद्रवी' जाहीर केले, मग उत्तराखंडात डुक्कर, हिमाचलात माकडं. बातम्यांमध्ये सगळ्यालाच एकच शब्द, आणि गावात समज झाला की आता डुक्कर मारायला मोकळं रान. तसं अजिबात नाही. उपद्रवी जाहीर होतं कलम 62 खाली, तेव्हा त्या भागात, त्या मुदतीत प्राण्याचं संरक्षणच उठतं. आपल्याकडचं कलम 11 चं, संरक्षण कायम, फक्त अर्ज करणाऱ्याला सूट. फरक मेलेल्या जनावरावर कळतो: परवानगीने मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे घातले तर गुन्हा. उपद्रवी जाहीर झालेल्याला ते लागू नाही. म्हणजे ज्याने अर्ज करून, पावती घेऊन नियमाने मारलं त्याच्यामागे पंचनामा लागतो, हे मला तरी उफराटं वाटतं.

2016 च्या जूनमध्ये तर दोन केंद्रीय मंत्रीच यावरून जाहीर भांडले, त्यात चंद्रपूरच्या डुकरांचाही उल्लेख झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि केंद्राच्या या 'उपद्रवी' घोषणांना स्थगिती मिळाली नाही. प्राणीप्रेमींचं म्हणणं की जंगल तोडलं म्हणून जनावर शेतात येतं. असेलही, पण उसात आणि बाभळीच्या झुडपात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं डुक्कर आता जंगलातून येतच नाही.

रोहीबद्दल एक राहिलं. हिंदीत नीलगाय म्हटल्यामुळे मारायला लोक कचरतात, पण ती गाय नाही आणि हरीणही नाही, कुरंगवर्गातली आहे. आपल्याकडे रोही म्हटल्यावर ती अडचण फारशी येत नाही. खरी अडचण चितळ आणि काळवीटाची: राज्याची ही सोय चितळाला नव्हती, आणि काळवीट सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीतलं, त्याने अख्खं शेत साफ केलं तरी पीक हे त्याला मारायचं कारण कायद्यात बसतच नाही.

2022 च्या दुरुस्तीने उंदीर, कावळे, वटवाघळं असलेली उपद्रवींची जुनी अनुसूचीच काढली, म्हणून पुन्हा ओरड झाली की आता काहीच मारता येणार नाही. पण कलम 62 आहे तिथेच आहे, कलम 11 सुद्धा. अडतं ते बंदुकीवर. परवानगी शेतकऱ्याच्या नावाने आणि लायसनची बंदूक भलत्याच कोणाकडे, त्याला रात्री दोन वाजता बांधावर आणायचं कसं, तोवर कळप हरभरा उकरून पुढच्या शेतात गेलेला असतो.