इलेन मे आणि श्रेयनामावलीचा घोळ : पार्श्वभूमी

२०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकन लेखिका, दिग्दर्शिका आणि नटी इलेन मे यांना सन्मानार्थ ऑस्कर देण्यात आले. तेव्हा त्यांनी दिग्दर्शित केलेले चारच कथापट होते आणि चौथा पस्तीस वर्षांपूर्वीचा. पटकथेसाठी पडद्यावर नाव आलेले चित्रपटही दहाच्या आत. एवढ्याशा शिदोरीवर हा सन्मान कसा, असे आजच्या प्रेक्षकाला वाटले तर त्याची चूक नाही. हॉलिवूडच्या जुन्या मंडळींना मात्र हा प्रश्न पडला नसावा. मे यांचे बरेचसे काम श्रेयनामावलीत शोधून सापडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

जन्म १९३२ चा, फिलाडेल्फियातला. वडील यिद्दिश या ज्यूंच्या भाषेतल्या रंगभूमीवरचे नट, त्यामुळे बालपण गावोगावच्या फिरतीत गेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, विशीच्या आत लग्न आणि एक मुलगीही झाली. पुढे त्या शिकागोला गेल्या आणि तिथल्या विद्यापीठात प्रवेश न घेताच वर्गांत जाऊन बसू लागल्या. (हजेरीपटावर नाव नसताना काम करण्याची सवय तेव्हापासूनची, असे म्हणायचा मोह होतो.)

१९५५ साली विद्यापीठालगतच्या वस्तीत काही तरुणांनी एक नाटकमंडळी काढली. प्रसंगाचा नुसता सांगाडा ठरवायचा आणि संवाद रंगमंचावर उभे राहून सुचतील तसे बोलायचे, ही तिथली रीत. वगनाट्य पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कथानक ठरलेले, बोलणे त्या रात्रीचे. याच मंडळीत मे यांची माइक निकोल्स यांच्याशी जोडी जमली. १९५७ मध्ये दोघे न्यूयॉर्कला आले, दूरचित्रवाणीवर दिसले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि ऑक्टोबर १९६० मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीच्या, गोल्डन थिएटरात दोघांचाच कार्यक्रम लागला. ३०६ प्रयोग झाले. प्रेक्षकांनी पहिले आणि शेवटचे वाक्य द्यायचे, कोणत्या लेखकाच्या शैलीत ते सांगायचे आणि या दोघांनी मधला सगळा प्रवेश तिथल्या तिथे रचायचा, हा त्यातला हुकमी भाग. १९६१ मध्ये, गर्दी ओसरलेली नसताना, जोडी फुटली.

या चार वर्षांवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे फार रेंगाळत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. दोघांच्या तोंडून निघालेले वाक्य कोणाचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते. हशा आला की तो दोघांचा. पुढे मे ज्या धंद्यात शिरल्या तिथे मात्र वाक्य कोणाचे हे टक्क्यांत मोजले जात होते.

पडद्यावरच्या त्यांच्या लेखनाच्या सुरुवातीलाच १९७१ साल येते आणि त्या एका वर्षात दोन उलटसुलट गोष्टी दिसतात. ‘सच गुड फ्रेंड्स’ या चित्रपटाची पटकथा त्यांची, पण पडद्यावर नाव ‘एस्थर डेल’. हे टोपणनाव. त्याच वर्षी आलेल्या ‘अ न्यू लीफ’वर लेखिका, दिग्दर्शिका आणि नायिका अशा तीन ठिकाणी इलेन मे हे खरे नाव आहे, आणि ते काढून टाकावे म्हणून त्या कोर्टात गेल्या होत्या.

‘अ न्यू लीफ’चे प्रकरण नीट पाहायला हवे, कारण मे यांच्याविषयीची मते बहुतेक इथूनच फुटतात. गोष्ट साधी आहे. वडिलोपार्जित पैसा उडवून बसलेला एक उच्चभ्रू माणूस एखाद्या श्रीमंत बाईशी लग्न करून तिला संपवायचे ठरवतो. त्याला सापडते हेन्रिएटा नावाची गबाळी वनस्पतिशास्त्रज्ञ. कपड्यांवर खाण्याचा चुरा, चहाचा कप हातातून निसटलेला आणि डोक्यात फक्त नेच्याची नवी जात शोधून काढण्याचे वेड. मधुचंद्राच्या रात्री ती ग्रीक धाटणीच्या झग्यात डोके चुकीच्या भोकातून घालून बसते आणि नवरा, ज्याला तिचा जीव घ्यायचा आहे, तो अगदी शांतपणे तिला त्या झग्यातून सोडवत राहतो. विनोदी नटी म्हणून मे यांची ताकद पाहायची तर हा एक प्रवेश पुरे. त्या हसवण्यासाठी काहीच करत नाहीत. अडकलेल्या बाईने जे करावे तेवढेच करतात.

मे यांनी जुळवलेला चित्रपट सुमारे तीन तासांचा होता. त्यात नायक आणखी दोन खून करतो, ते पचवतो आणि शिक्षा म्हणून काय मिळते, तर या बाईबरोबरचा जन्मभराचा संसार. गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे ही हॉलिवूडची जुनी सक्ती १९६८ मध्ये नुकतीच उठली होती, आणि मे यांना नेमकी त्याचीच गंमत करायची होती. स्टुडिओने खुनांचा भाग कापला आणि १०२ मिनिटांचा गोड शेवट असलेला चित्रपट बाजारात आणला. मे यांनी प्रदर्शन थांबवा, निदान माझे नाव काढा, अशी मागणी केली. कोर्टाने ती मान्य केली नाही. चित्रपट आला आणि समीक्षकांना आवडला. २०१९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही गेला. जतन होऊन राहिली ती अर्थात स्टुडिओचीच आवृत्ती.

स्टुडिओच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कात्रीनेच चित्रपट वाचवला. असेलही. पण तीन तासांची आवृत्ती प्रेक्षकांसमोर कधी आलीच नाही, तेव्हा कात्रीने वाचवले की मारले हे म्हणायला आधार काय? उपलब्ध चित्रपट गोड आहे हे खरे. ज्या बाईने तो केला तिला गोड चित्रपट करायचा नव्हता हेही तितकेच खरे.

आता श्रेयाच्या शब्दाकडे. आपल्या चित्रपटांच्या पाटीवर कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी खाती असतात, त्यामुळे नुसते संवाद लिहिणाऱ्याचेही नाव येते. अमेरिकेत तसे नाही. तिथे पटकथेतच संवाद धरलेले, आणि नाव कोणाचे लागेल हे वाद झाल्यास स्टुडिओ नव्हे, लेखकांची संघटना ठरवते. तिघे सदस्य सगळे खर्डे वाचतात. त्यांची नावे गुप्त असतात आणि लेखकांच्या नावांऐवजी अक्षरे घातलेली असतात. रचना, प्रसंग, पात्रे, संवाद या चार गोष्टी पाहून हिस्सा ठरतो. आधीच्या साहित्यावर बेतलेली पटकथा असेल तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाटा लागतो. पटकथा स्वतंत्र असेल तर मागाहून आलेल्या लेखकाला निम्मा वाटा सिद्ध करावा लागतो. याखाली राहिलात तर पटकथाकार म्हणून नाव नाही, आणि ते नाव नाही तर चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर दाखवल्यावर मिळणारे पैसेही नाहीत.

त्यात जोडशब्दाची आणखी एक गाठ. दोन नावांमध्ये अक्षरी ‘अँड’ असेल तर त्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळे, एकामागून एक लिहिले. ‘अमुक अँड सन्स’च्या पाटीवर असते ते ‘&’ हे चिन्ह असेल, तर ते एकत्र बसून लिहिणारी जोडी. मराठीत ‘आणि’ व ‘व’ यांत असा भेद करायचा म्हटला तर आपली अर्धी श्रेयनामावली भांडणात जाईल!

नियम पहिल्या लेखकाच्या भल्यासाठी झाले हे मान्य केले पाहिजे. एखाद्या दिग्दर्शकाने चार वाक्ये बदलून स्वतःचे नाव घुसवू नये, ही त्यामागची भीती रास्त आहे. पण त्या गाळणीतून मे यांच्यासारखी व्यक्ती नेमकी निसटते. तिथे अशांना ‘स्क्रिप्ट डॉक्टर’ म्हणतात. आपण मजकुरावर हात फिरवणे म्हणतो, तो शब्द मला जास्त बरोबर वाटतो. डॉक्टर म्हटले की आधीचा लेखक आपोआप आजारी ठरतो. ‘टूट्सी’चेच पाहा. १९८२ चा हा चित्रपट बऱ्याच लेखकांच्या हातांतून गेला. नायकाबरोबर राहणाऱ्या मित्राचे पात्र मे यांच्या हातचे, असे त्या चित्रपटाशी संबंधित लोक सांगत आले आहेत. नायक बाईचे सोंग घेतो तेव्हा हा मित्र प्रेक्षकाच्या मनातली शंका कोरड्या चेहऱ्याने बोलून दाखवतो. तो नसता तर सोंगावर विश्वास ठेवायचे ओझे सगळे प्रेक्षकावर पडले असते. हिशोबाला बसलात तर या पात्राची पाने किती भरतील? थोडीच. पडद्यावर दुसऱ्यांची नावे आहेत, आणि नियमाप्रमाणे ती बरोबरच असतील.

‘रेड्स’, ‘लॅबिरिन्थ’, ‘वुल्फ’ यांच्या पटकथांवरूनही मे यांचा हात फिरला. एकाही ठिकाणी पटकथाकार म्हणून नाव नाही. जिथे नाव होते तिथे ते काढायला त्या कोर्टात गेल्या आणि जिथे नव्हते तिथे गप्प राहिल्या. हे विक्षिप्तपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. मला त्यात एकच हिशोब दिसतो : शेवटचा शब्द आपला नसेल, तर नावही नको.

शेवटच्या शब्दासाठीची ओढाताण ‘मायकी अँड निकी’वर टोकाला गेली. १९७३ मध्ये चित्रीकरण सुरू झाले, सुमारे चौदा लाख फूट फिल्म वापरली गेली, संकलन वर्षानुवर्षे चालले. या वेळी स्टुडिओ कोर्टात गेला. मधल्या काळात काही रिळे गायब झाली, ती कनेक्टिकटमधल्या एका गॅरेजात लपवलेली होती. चित्रपट १९७६ च्या डिसेंबरात आला आणि गेला. पुढची दहा वर्षे त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला नाही. त्याच काळात ‘हेवन कॅन वेट’च्या पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, म्हणजे लेखणी चालत होती.

१९८७ मध्ये त्यांचा चौथा कथापट ‘इश्तार’ आला. पाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च, अमेरिकेत दीड कोटीही परत नाहीत, आणि ‘आपटलेला चित्रपट’ याला कित्येक वर्षे तेच समानार्थी नाव. अमेरिका वाळवंटातल्या हुकूमशहांना पोसते, ही त्यातली थट्टा त्या गदारोळात कोणाच्या कानी गेली नाही. एवढे पैसे बुडवणारे पुरुष दिग्दर्शक दोन-चार वर्षांत पुन्हा सेटवर दिसले. मे यांनी त्यानंतर कथापट दिग्दर्शित केलेला नाही.

निकोल्स मात्र या काळात मोठे दिग्दर्शक झालेले होते आणि त्यांनीच जुन्या जोडीदाराला परत बोलावले. १९९६ चा ‘द बर्डकेज’ आणि १९९८ चा ‘प्रायमरी कलर्स’, दोन्ही पटकथा मे यांच्या. पहिल्याने अमेरिकेत बारा कोटींहून अधिक डॉलर कमावले, दुसऱ्याला ऑस्करचे नामांकन आणि ब्रिटनचे बाफ्टा मिळाले. दोन्हींवर पटकथेला एकटे त्यांचे नाव आहे.

२०१४ मध्ये निकोल्स गेले. चार वर्षांनी, २०१८ च्या शरदात, मे ‘द वेव्हर्ली गॅलरी’ या नाटकात स्मरणशक्ती हरवत चाललेल्या म्हातारीच्या भूमिकेत ब्रॉडवेवर उभ्या राहिल्या. त्या बाईला शब्द आठवत नाहीत, वाक्य मध्येच तुटते, घरचे ते पुरे करतात. हे सगळे लेखकाने अक्षर न् अक्षर लिहिलेले होते, तरी त्या क्षणी सुचल्यासारखे वाटे. त्या भूमिकेसाठी सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांना टोनी हे ब्रॉडवेचे पारितोषिक मिळाले. थिएटर तेच होते, १९६० चे गोल्डन.