निळा त्रिकोण आणि पेशीतली लाईट

पारोळ्याजवळ मामांच्या कपाशीवर यंदा पांढरी माशी आली. बादलीत औषध कालवताना मामांनी कोपरापर्यंत हात घातला होता. मी ओरडलो, तेव्हा डब्यावरचा निळा त्रिकोण दाखवून म्हणाले, "काहीच व्हत नही भाऊ, लाल थोडंच शे?" फवारून आल्यावर ते गूळ खातात, ग्लासभर दूध पितात. त्याने विष उतरतं, असं आख्खं गाव मानतं. उतरत नाही. कातडीतून शिरलेलं औषध दुधाने परत निघत नाही.

आणि निळा म्हणजे निर्धोक नव्हे. त्रिकोणाचा रंग ठरतो तो मुख्यतः निम्मे उंदीर मारायला वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पाजावं लागतं यावर. 50 पर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. इथे मोजलं जातं ते मरण. उंदीर जगला, पण त्याच्या पेशी अर्धपोटी राहिल्या, तर ते त्या रंगात उतरत नाही.

ही उपासमार पकडायची तर मायटोकॉन्ड्रियाकडे जावं लागतं. शाळेत आपण 'पेशीचं ऊर्जाघर' एवढंच पाठ करतो. खरी गंमत त्याच्या आतल्या पडद्यात आहे. अन्नातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या वाटेवर प्रोटॉन पडद्याबाहेर उपसले जातात. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत घुसताना एक चक्र फिरवतात, त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतं. विहिरीचं पाणी टाकीत चढवावं आणि ते खाली सोडून चक्की फिरवावी, तसं. ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

विष यात तीन ठिकाणी घाव घालतं. रोटेनोन उपसाच बंद पाडतं, आणि ते झाडाच्या मुळांतून मिळतं. 'नैसर्गिक आहे, चालतं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डायनायट्रोफेनॉल टाकीला भोक पाडतं: चक्र फिरत नाही, नुसती उष्णता होते. 1930च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला विकलं गेलं आणि माणसं अंगातल्या तापानेच मेली. तिसरा घाव थेट चक्रावर.

प्रयोगशाळेत हे दिसायला हवं, पण बराच काळ नीट दिसत नव्हतं. तिथे वापरतात त्या यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. त्यांना भरपूर ग्लुकोज दिलं की त्या मायटोकॉन्ड्रियाला न विचारता, ग्लुकोज नुसतं अर्धवट फोडून भागवतात. एका रेणूमागे दोनच एटीपी मिळतात, पण साखर मुबलक असल्याने चालून जातं. घरात इन्व्हर्टर असला की लाईट गेल्याचं कळत नाही, तसंच हे. विष टाकलं तरी पेशी ठणठणीत!

मग इन्व्हर्टर काढायचा. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज द्यायचं. ही दुधातल्या साखरेची दुसरी अर्धी बाजू. ती वापरण्याजोगी करायला पेशीला वेळ लागतो, नुसत्या फोडण्यावर पोट भरत नाही, मायटोकॉन्ड्रियावर विसंबावंच लागतं. आता तेच विष टाका. ग्लुकोजवरच्या पेशी जगतात, गॅलॅक्टोजवरच्या मरतात. हा फरक दिसला की घाव कुठे बसलाय ते कळतं. जोडीला पेशी किती ऑक्सिजन ओढतात हेही मोजतात.

तरी एक फट राहते. पांढऱ्या माशीवर चालणारं डायफेन्थियुरॉन डब्यात असतं तेव्हा चक्राला फारसं धरत नाही. पानावर उन्हात त्याचं कार्बोडायइमाइड होतं, आणि ते चक्र जाम करतं. म्हणून डब्यातली पावडर तपासून भागत नाही, उन्हात तिचं जे होतं तेही वेगळं तपासावं लागतं. मामा फवारतात तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात.