खुलासा : बोहेड देवमासे इन्युपियाकांनी संपवले नव्हते

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इन्युपियाक या मूळनिवासी जमातीचे शिकारी बोहेड देवमाशांच्या मुळावर उठले होते, असं सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. कत्तल केली ती १८४८ पासून तेलासाठी आलेल्या व्यापारी जहाजांनी. तरी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाने बंदी घातली ती इन्युपियाकांवर. देवमासे फार तर दोन हजार उरलेत म्हणून. शिकारी परोपरीने सांगत होते, तुम्ही मोकळ्या पाण्यातलेच मोजताय. बोहेड बर्फाखालूनही जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो. पुढे पाण्यात मायक्रोफोन सोडले आणि नजरेआडून जाणाऱ्यांचे आवाज टिपले गेले. २०११ चा अंदाज सुमारे १७,००० निघाला. मधल्या काळात संख्या वाढली हे खरं, पण मूळ आकडाच तोकडा होता. बंदीच्या जागी लवकरच शिकारीचा ठराविक कोटा आला; तो गावोगावी वाटतो शिकाऱ्यांचाच आयोग.